विकर, विकार आणि विरजण

पुण्याहून सातारा-सांगलीकडे निघालेल्या माणसाला सगळे एकच सांगतात: येताना कंदी पेढे आण, भडंग आण. जाताना तू काय घेऊन चालली आहेस, हे मला एकानेही विचारलं नाही. मी घेऊन चालले होते करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी आणि तिच्या तळाशी पाण्यासारखे दिसणारे पाच-सहा थेंब. ते माणसाचं विकर होतं. थर्मोकोलच्या डब्यात, कोरड्या बर्फात पुरलेलं.

विकर म्हणजे शरीरातल्या एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करून देणारं प्रथिन. आपल्या डोळ्याच्या भिंगात असं एक विकर असतं. रक्तातली साखर वाढली की ते तिचा भलताच पदार्थ करून भिंगात साठवतं, आणि मधुमेह्याला मोतीबिंदू लवकर होतो. हे विकर मिळवायला आता कुणाचे डोळे काढावे लागत नाहीत. माणसाचं जनुक जिवाणूत घालायचं, जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्याकडून ते तयार करून घ्यायचं. नव्वदचं दशक तेव्हा निम्मं ओलांडलं होतं आणि हे काम करणारे लोक महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतके होते. त्यातलं एक बोट आपण आहोत, याची मला पुरेपूर जाणीव होती.

नळी पोचवायची होती सांगलीच्या एका फार्मसी कॉलेजात, शालन नावाच्या संशोधक मुलीकडे. हळदीच्या अर्काने हे विकर रोखता येतं, असं तिने उंदराच्या विकरावर दाखवलं होतं. परीक्षक म्हणाले, उंदराचं राहू द्या, माणसाच्या विकरावर दाखवा. तिच्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती. तोवर दाखवलं तर पीएच.डी., नाही तर पाच वर्षांचं काम बाद. तिची चार पत्रं आली, प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा अजिजीचं. टपालाने बर्फ जात नाही, म्हणून मी स्वतः निघाले. आपण केवढे उपकार करतो आहोत, हे मी पुण्यात भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं.

सातारा

खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत कंडक्टरने दोनदा विचारलं, "बाई, डब्यात मासं हायत काय?" बर्फाचा डबा मांडीवर घेऊन डिसेंबरात एशियाडने जाणारी बाई मासेविकी नसेल तर वेडी असणार, असा त्याचा हिशेब होता. त्याने मला तिकिटाबरोबर सुटे पैसेही दिले, म्हणजे वेडी ठरवलं असावं.

साताऱ्याला थांबायचं काही कारण नव्हतं. पण तिथल्या एका कॉलेजाला मी जाणार असल्याचं कळलं आणि त्यांनी व्याख्यानाला बोलावलं. मला बऱ्याच गोष्टींना नाही म्हणता येतं, व्याख्यानाला येत नाही. विषय मी स्वच्छ अक्षरात लिहून कळवला होता: जिवाणूंकडून मानवी विकर.

सभागृहात शिरले तर फळ्यावर रंगीत खडूने, भोवती वेलबुट्टी काढून लिहिलं होतं: विषय, मानवी विकार.

एक काना. त्यांना वाटलं, बाईंच्या हातून राहिला असेल, आपण घालू. मी हे दुरुस्त करणार तोवर संस्थेचे अध्यक्ष माइकवर गेले होते. ते काम, क्रोध, लोभ, मोह या क्रमाने निघाले. लोभापाशी त्यांनी आपल्या धाकट्या भावाचं उदाहरण दिलं, नाव न घेता, पण सभागृह हसलं त्या अर्थी सगळ्यांना ते नाव ठाऊक होतं. चाळीस मिनिटं गेली. मग शाल, श्रीफळ, गुच्छ, परिचय, आभार आणि आभार मानणाऱ्यांचे आभार. माझ्या वाट्याला बारा मिनिटं आली. त्यात मी जनुक, जिवाणू आणि विकर उरकलं. शेवटी मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "मॅडम, क्रोधावर जालीम उपाय कोणता?" तो मला त्या क्षणी स्वतःलाच हवा होता.

पुण्यात असला सत्कार होत नाही. तिथे पाहुण्याला व्याख्यान झाल्यावर रिक्षा कुठे मिळेल ते सांगतात. साताऱ्याच्या सत्कारालाही माझा आक्षेप नव्हता. पण शब्द न कळता तो मखरात बसवायचा, याचा मला मनापासून तिटकारा आहे. त्या संध्याकाळपुरतं मी ठरवून टाकलं, या मुलखात विकर हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही.

मुक्काम होता आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मेहुण्यांकडे. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, कमरेत ताठ. घर नवं होतं, गच्चीवरून अजिंक्यतारा दिसायचा. आमच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात, म्हणजे त्याला नको म्हणायची संधी मिळते. इथे न विचारता तीन वेळा चहा आला, आणि तिसऱ्या वेळी मी कप उचलेपर्यंत सुभेदार समोर उभे राहिले.

त्यांची बायको अनसूयाबाई डब्याकडे पाहत होती. झाकणाच्या फटीतून कोरड्या बर्फाची वाफ निघत होती.

"आवं ताईसाहेब, ह्यातनं धूर निघतुया की."

"बर्फ आहे तो. आत औषधासारखी वस्तू आहे. माणसाची."

बाई दोन पावलं मागं सरकल्या. "मानसाची म्हंजी? मेल्याल्या मानसाची?"

सुभेदार म्हणाले, "अगं, लॅबोरेटरीचं सँपल हाय ते. आमच्या मिलिटरी हॉस्पिटलात असायचं."

"असंल. पर माज्या सैपाकघरात मानसाचं कायबाय नगं."

आता इथे जनुकापासून सुरुवात करून सगळं नीट सांगता आलं असतं. दहा मिनिटं लागली असती. पण दुपारी बारा मिनिटांत जे कमावलं होतं ते आठवलं, आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं, हिला काय कळणार? लहान मुलाला सांगतात तशा आवाजात मी म्हणाले, "मेलेल्या माणसाचं काही नाही हो. विरजण आहे असं समजा. थेंबभर घातलं की सगळं बदलून टाकतं. जिवंत वस्तू, फार नाजूक. माझ्या जिवापेक्षा जपा."

"विरजन व्हय!" बाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग तसं सांगायचं की. जपते."

मला माझ्या उपमेचं कौतुक वाटलं. पुढच्या व्याख्यानात ती वापरायची असंही मी मनाशी ठरवलं.

जेवायला भाकरी, वांग्याचं भरीत आणि दही होतं. दह्याबद्दल खोटं बोलवत नाही. वाटी उपडी केली तर पडणार नाही असं घट्ट, आणि आंबट नावाला नाही. मी दोनदा घेतलं. सुभेदार सांगू लागले, आख्खी गल्ली हिच्याकडून विरजण नेते, कुणाच्या घरात दही लागेना झालं की हिला बोलावतात. मी मान हलवली. जगात काही लोक प्रथिनं शुद्ध करतात आणि काही लोक गल्लीला विरजण पुरवतात, असा काहीसा विचार करत मी लवकर झोपले.

सकाळी डबा उघडून पाहिला. बर्फ होता, नळी बर्फात होती. सत्काराची शाल मी मुद्दामच त्यांच्या खुंटीवर ठेवून निघाले. मानवी विकारांबद्दल मिळालेली शाल पांघरून मला सांगलीत शिरायचं नव्हतं.

सांगलीच्या वाटेवर

कऱ्हाड सोडलं की रस्ता उसाचा होतो. गळिताचा हंगाम, त्यामुळे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यांच्यामागे बैलगाड्यांची रांग. इस्लामपूरच्या अलीकडे आमची बस एका कलंडलेल्या ट्रॉलीपुढे तासभर उभी राहिली. हवेत मळीचा आंबूस वास. उतारू खाली उतरले आणि एकाने शांतपणे पडलेल्या ढिगातून ऊस ओढून मोडायला सुरुवात केली. ट्रॉलीवाला ओरडायच्या ऐवजी म्हणाला, "त्यो नगं गड्या, त्यो रसाला बरा न्हाई, ह्यो घे."

एक टोपीवाले गृहस्थ खिडकीतून मलाही कांडं देऊ लागले. मी नको म्हणाले. "साखर हाय का बाई तुमास्नी?" त्यांनी विचारलं. नाही म्हणाले. "मग खावा की. आमाला डाक्टरनं बंद केलंय. दोन एकर लावलाय आन् चघळाया बंदी." डोळ्यांवर काळा चष्मा होता, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. माझ्या मांडीवर त्यांच्या दुसऱ्या डोळ्याच्या उपयोगाची वस्तू होती. ते त्यांना सांगावं असं मला अजिबात वाटलं नाही. उलट मी डबा जरा माझ्याकडे ओढून घेतला, म्हणजे त्यावर उसाचा चोथा पडायला नको.

सांगली

शालन स्टँडवर उभी होती. कुंडलची, घरी हळद आणि ऊस, अंगावर इस्त्रीची साडी आणि तेल लावून घट्ट घातलेली वेणी. "मॅडम, लय उशीर झाला, मी घाबरले व्हते," म्हणाली आणि मग जीभ चावून म्हणाली, "होते." ती पुढे दोन दिवस हेच करत राहिली. आधी खरं बोलायची, मग शुद्ध.

कॉलेजात जाऊन शालनने नळी शीतपेटीत ठेवली. संध्याकाळी ती मला हरिपूरला घेऊन गेली. तिथे जमिनीत पेवं असतात, म्हणजे विहिरीसारखे खोल कोरडे खड्डे, त्यात हळद भरून वरून माती लिंपतात. वर्षानुवर्षं हळद किडत नाही, असं ती अभिमानाने सांगत होती. मी म्हणाले, खड्ड्यात काय घालायचं आणि फ्रीजमध्ये काय, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. ती हसली. मला ते हसणं बावळट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग. प्रयोग साधा. एका द्रावणात विकराचा थेंब टाकायचा, यंत्रावरचा आकडा भराभर खाली उतरायला हवा. मग त्यात हळदीचा अर्क घातला की उतरायचा थांबायला हवा. शालनने थेंब टाकला. आम्ही दोघी आकड्याकडे पाहत बसलो. आकडा उतरेना.

तिने पुन्हा केलं. मग मी तिला बाजूला करून स्वतः केलं. आकडा जागच्या जागी.

माझ्या विकराबद्दल मला शंका येणं शक्यच नव्हतं. ते मी केलं होतं. मग उरलं काय? कॉलेजचं यंत्र, कॉलेजचं पाणी आणि ही मुलगी. मी एकेक करून तिन्हींचा उद्धार केला. यंत्र जुनं होतं पण ठीक चालत होतं, पाणीही ठीक निघालं. मग मी तिला विचारलं, काल नळी शीतपेटीत कुणी ठेवली? मी ठेवली, म्हणाली. हात किती वेळ लागला? उत्तर द्यायला तिला जरा वेळ लागला, आणि तेवढं मला पुरलं.

"हे हळदीचं शेत नाही," मी म्हणाले. "इथे हाताने धसमुसळेपणा करून चालत नाही. खुरपं धरल्यासारखी नळी धरलीस तर दुसरं काय होणार?"

तिचे मार्गदर्शक सर दारात येऊन उभे होते. सज्जन माणूस, पण कागदाबाहेर न जाणारा. त्यांनी विचारलं, "मॅडम, दोष कशात म्हणायचा? मुदतवाढ मागायची तर विद्यापीठाला कारण द्यावं लागेल. नमुना येतानाच खराब होता असं असेल तर मिळते. विद्यार्थ्याची चूक असेल तर नाही."

"येताना तो उत्तम होता," मी म्हणाले. "हाताळणीचा दोष."

शालनने वही पुढे ओढली आणि लिहायला लागली. मी जेवायला निघून गेले. कॉलेजच्या खाणावळीतलं पिठलं चांगलं होतं, एवढंच त्या जेवणाबद्दल आठवतं.

हात धुतेय तोवर शिपाई सांगत आला, ऑफिसात साताऱ्याचा फोन आहे.

"ताईसाहेब, सुभेदार बोलतोय. एस्टीडीवरनं. तुमची शाल र्‍हायली आमच्याकडं. धाडून देऊ का?"

"राहू द्या," म्हणाले.

"बरं. आन् आमची ही इचारतीया, विरजन लागलं का?"

"काय?"

"न्हाई, तिला काळजी लागलीया. म्हनली, येवढ्या शिकल्याल्या बाई, पर विरजन बरफात घालून निघाल्यात, मरंल न्हाई तर काय. कुणी सांगितलं न्हाई वाटतं त्यास्नी. तुमी झोपला व्हता. मग तिनं नळी काढली, माज्या लोकरीच्या टोपीत गुंडाळली आन् बंबाशेजारी ठिवली, ऊब र्‍हावी म्हनून. पाटेला परत तुमच्या डब्यात घातली. जशीच्या तशी. थेंब सांडला न्हाई."

मागून बाईंचा आवाज आला, "इचारा की, लागलं का?"

पाणी तापवायचा तांब्याचा बंब. माझ्या आंघोळीसाठीच पेटवला असणार, आणि रात्रभर त्यातले निखारे राहिले असणार. उणे तापमानात ठेवायचं माझं प्रथिन लोकरीच्या टोपीत बसून शिजलं होतं. त्या बाईने जगात विरजण जसं जपतात तसं जपलं होतं. मीच सांगितलं होतं जपा म्हणून. मी तिच्याबद्दल मनात जे जे म्हटलं होतं तेच ती माझ्याबद्दल म्हणत होती, फरक इतकाच की तिला माझी काळजी वाटली होती.

"लागलं म्हणावं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. खोटं बोलले, पण त्या वेळी मला दुसरं सुचलं नाही.

ऑफिसातल्या खुर्चीत मी बराच वेळ बसून राहिले. कुणालाच काही कळलं नसतं, हे खरं होतं. बस साडेतीनची होती. सरांचं पत्र तयार होत होतं, शालनचं काम बाद झालं असतं, आणि साताऱ्याचा फोन हा शालीबद्दलचा फोन होता. हा विचार माझ्या मनात आला. तो मी लगेच झटकला असं लिहिण्याचा मोह होतो आहे, पण झटकला नाही. चहा येऊन गार होईपर्यंत तो तिथेच होता. लाज वाटली ती त्यानंतर.

प्रयोगशाळेत शालन एकटी होती. डोळे सुजलेले, पण भांडी धुऊन ओळीने पालथी घातलेली. वही उघडी होती. आख्खी वही इंग्रजीत, आजची शेवटची ओळ तेवढी मराठीत: विकर निष्क्रिय. माझ्या हाताची चूक. खाली सही.

"खोड हे," मी म्हणाले. "चूक तुझी नाही." आणि सगळं सांगितलं. टोपी, बंब, विरजण, सगळं.

ती ऐकत राहिली. हसेल असं मला वाटलं होतं, ती हसली नाही.

प्रयोगशाळेच्या वहीचं पान फाडत नाहीत आणि खोडरबरही चालत नाही. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारायची, ओळ वाचता आली पाहिजे, आणि शेजारी ज्याने मारली त्याची सही. तिने रेघ मारली, सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. "आता तुमी लिवा. सर हेच विद्यापीठाला लावत्यात." या वेळी तिने शब्द सुधारले नाहीत.

मी लिहिलं: सांगलीस येण्यापूर्वी, साताऱ्याच्या मुक्कामी, यजमानीण बाईंच्या अज्ञानामुळे नमुना रात्रभर उष्णतेत राहून निष्क्रिय झाला. सही, हुद्दा, संस्था. मला ते वाक्य चांगलं साधलं असं वाटलं. कबुलीही झाली आणि अब्रूही राहिली.

शालनने वाचलं. मग बोट एका शब्दावर ठेवलं.

"मॅडम, विरजन हाय असं त्यास्नी कुणी सांगितलं?"

"मी."

"थंड ठिवायचं असतंय, हे सांगितलं?"

"नाही."

"मग त्या बाईंचं अज्ञान कसं? त्यांनी तर तुमचं ऐकलं."

सकाळी याच मुलीला मी खुरप्याची गोष्ट सांगितली होती. तोंड उघडायला तिच्यापुढे हजार शब्द होते, आणि तिने उघडलं ते न पाहिलेल्या एका बाईसाठी. मी पेन घेतलं आणि माझ्या त्या ओळीवर सरळ रेघ मारली, सही केली. खाली लिहिलं: नमुना थंड ठेवण्याची सूचना मी दिली नाही. चूक माझी. पुन्हा सही.

सर आले, चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मुदतवाढ मिळेल. तीन महिन्यांची." मग ते वहीच घेऊन ऑफिसकडे गेले.

शालनने यंत्रावर कापडाची खोळ घातली, तिच्या नाड्या बांधल्या आणि तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं.

"नवीन कवा तयार हुईल?"

"तीन आठवडे."

"मग मी न्यायला येते पुण्याला," ती म्हणाली. "तुमी आनू नका."